गरवायचे रॉड गाडीच्या टपावरून न्यायचे, तर असे न्या

गुहागरजवळच्या हेदवीला गरवायला, म्हणजे गळानं मासे धरायला, गेलो होतो. खडकावर उभं राहून मी सकाळची पहिली फेक केली आणि हातात ‘कट्’ असा आवाज आला. दहा फुटी रॉडचा वरचा दोन फुटांचा शेंडा तंगुसावरून, म्हणजे गळाच्या दोरीवरून, घसरत पाण्याकडे निघाला होता. मासा लागलाच नव्हता. तुटलेली जागा डोळ्यांजवळ धरून पाहिली, तर एका बाजूला नखाच्या टोकाएवढा पांढुरका ओरखडा दिसला. आदल्या रात्री पुण्याहून येताना दोन रॉड गोधडीत गुंडाळून, हूकवाल्या इलॅस्टिक दोरीनं कॅरिअरवर बांधले होते. रस्ताभर कॅरिअरची लोखंडी नळी नेमकी त्याच जागी टकटक आपटत राहिली असणार. रॉड वाटेतच मोडला होता, दोन तुकडे तेवढे खडकावर झाले.

कार्बनचा रॉड वाकवला तर कमान होऊन परत सरळ होतो, त्यासाठीच तो बनवलेला असतो. पण तो आतून पोकळ असतो, शेंड्याकडे त्याची भिंत जेमतेम मिलिमीटरभर जाडीची असते, आणि आडवा ठोका तिला सोसत नाही. ठोक्यानं आतले धागे तुटतात, वरून काही कळत नाही, आणि पुढच्या जोरदार फेकीत सगळा ताण त्या एका जागी येतो. फायबर ग्लासचे रॉड जड असतात, पण या बाबतीत बरेच सोशिक. त्यामुळे तुमच्याकडे कार्बनचा रॉड असेल तर हा लेख नीट वाचा.

आधी एक गोष्ट: रॉड गाडीच्या आत मावत असेल तर आतच ठेवा. सात फुटी दोन तुकड्यांच्या रॉडसाठी टपावर काही करायची गरज नाही. अडचण येते ती एकसंध सात-आठ फुटी रॉडची, आणि वाळूवरून लांब फेकायच्या बारा-चौदा फुटी रॉडची. गाडीत चार माणसं, सामान, आमिषाचा डबा, आणि दोन सीटच्या मधून डॅशबोर्डपर्यंत आलेली रॉडची मूठ, अशा अवस्थेत घाट उतरणं धोक्याचं. गिअर बदलताना हात अडकला की खेळ संपला. तेव्हा मात्र टप बरा.

आधी मोजा

रॉड सुटा करून सगळ्यात लांब तुकडा मोजा. एकसंध सात फुटी रॉड २१३ सेंटिमीटर भरतो. दोन तुकड्यांच्या बारा फुटी रॉडचा एक तुकडा जोडासकट १८५ ते १९० च्या आसपास जातो. या मापात दहा सेंटिमीटर मिळवा. तेवढी पाईपची लांबी.

दुसरं माप सगळे विसरतात. रॉडवरची सगळ्यात मोठी कडी, म्हणजे रीलच्या (तंगूस गुंडाळायच्या चकरीच्या) जवळचं गाईड, रॉडच्या पोटापासून किती उंच उभं आहे ते बघा. लांब फेकीच्या रॉडला ते पाच-सहा सेंटिमीटरही असतं. पाईपचा व्यास यावरून ठरतो. मी ११० मिलिमीटरचा पाईप वापरतो, प्लंबर त्याला ‘चार इंची’ म्हणतात. त्यात पिशव्यांसकट तीन-चार रॉड सुखानं राहतात. दोनच रॉड असतील तर ९० मिलिमीटरचा, म्हणजे तीन इंची पुरतो. रील रॉडवर ठेवून पाईपात घालता येईल इतका मोठा पाईप घेण्याच्या भानगडीत पडू नका. रील काढून वेगळ्या पिशवीत, गाडीच्या आत.

पाईप आणि झाकणं

सांडपाण्याचा राखाडी पीव्हीसी पाईप हार्डवेअरच्या दुकानात तीन मीटरच्या लांबीत मिळतो. तिथंच माप सांगून कापून घ्या. सव्वादोन मीटरच्या तुकड्याचं वजन पाईपच्या जाडीप्रमाणे अडीच ते साडेतीन किलो होतं. कापलेली कड धारदार राहते, आत प्लास्टिकची कुसं लोंबत असतात. ती पॉलिश पेपरनं बोट फिरवलं तरी लागणार नाहीत इतकी घासा. रॉड शंभर वेळा या कडेवरून आत-बाहेर जाणार आहेत.

एका टोकाला एंड कॅप, म्हणजे बंद टोपण, पीव्हीसीचं सोल्युशन लावून कायमची बसवा. हे टोक गाडीच्या पुढच्या बाजूला येणार. दुसऱ्या टोकाला आट्यांचं झाकण हवं: आतून आटे असलेला जोड पाईपवर चिकटवायचा आणि त्यात प्लग फिरवून बसवायचा. उघडणारं टोक मागेच हवं, यामागे कारण आहे. जोराचा ब्रेक लागला की आतलं सगळं पुढे धावतं, आणि तो धक्का चिकटवलेल्या, न उघडणाऱ्या टोपणानं घ्यायला हवा. शिवाय समोरचा वारा, पाऊस आणि धूळ झाकणाच्या फटीत घुसत नाही.

मागच्या प्लगला मात्र नुसत्या आट्यांच्या भरवशावर सोडू नका. गाडीच्या थरथरीनं आटे सैल होतात. प्लग आणि जोड यांतून आरपार एक भोक पाडून त्यात छोटं कुलूप घाला. चोरीपासून ते फार काही वाचवणार नाही, पण घाट चढताना प्लग निघून रॉड मागच्या ट्रकखाली जाणार नाहीत.

आता गादी. जुन्या हवाई चपलेचा तळवा यासाठी उत्तम. पाईपच्या आतल्या मापाच्या गोल चकत्या कापा. दोन चकत्या एकावर एक चिकटवून पुढच्या बंद टोकाच्या तळाशी ढकला, एक चकती मागच्या प्लगला आतून चिकटवा. ब्रेक मारल्यावर मुठी पुढच्या चकत्यांवर टेकतात, चढावर सगळा गठ्ठा मागच्या चकतीवर टेकतो, आणि आत काहीही खडखडत नाही.

मागच्या टोकाजवळ, पाईपच्या खालच्या अंगाला सहा मिलिमीटरची दोन भोकं पाडा. पाणी शिरणारच, ते बाहेर जायला वाट हवी. बंद पाईपात भरदुपारी उन्हाची वाफ कोंडते, तीही या भोकांतून थोडी निघते. पाईपला बाहेरून पांढरा रंग दिला तर आणखी बरं. काळा देऊ नका. मे महिन्यात उभ्या गाडीच्या टपावर काळा पाईप हात लावू देत नाही, आणि गाईड धरून ठेवणारं इपॉक्सी व मुठीचा गोंद दोन्ही उष्णतेनं नरम पडतात.

टपावर बसवणं

पाईप थेट पत्र्यावर बांधायचा नाही, क्रॉसबारवर, म्हणजे टपावरच्या आडव्या दांड्यांवर, बसवायचा. इथं एक सावधगिरी. बऱ्याच गाड्यांच्या टपावर कंपनीतून आलेल्या दोन लांब रेल असतात, त्यातल्या काही नुसत्या शोभेच्या असतात आणि वजन घेत नाहीत. गाडीचं मॅन्युअल काढा. रेलवर वजन चालतं का, टपावर एकूण किती किलो चालतं, हे त्यात दिलेलं असतं. क्रॉसबारचं वजनही त्याच आकड्यात धरायचं. रेल शोभेच्या असतील तर दरवाज्याच्या चौकटीला पकडणारे क्रॉसबार त्या गाडीच्या मापानं मिळतात.

प्रत्येक क्रॉसबारवर पाईपच्या मापाचा एक यू-क्लॅम्प. क्लॅम्प आणि पाईप यांच्यामध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घाला, म्हणजे पाईप फिरणार नाही आणि कापलाही जाणार नाही. नट नायलॉकचे, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले, घ्या, साधे नट थरथरीनं उलटे फिरतात. शक्य असेल तर सगळं स्टेनलेस स्टीलचं. साधं लोखंड खाऱ्या हवेत दोन फेऱ्यांत असं गंजतं की सोडवायला हॅकसॉ लागतो. पुढच्या क्लॅम्पखाली रबराची एक जादा पट्टी दिली की पाईप मागच्या बाजूला किंचित उतरता होतो आणि पाणी भोकांकडे वाहतं.

क्लॅम्पशिवाय एक पट्टाही हवा. क्लॅम्प तुटलाच, तर पाईप टपावरून सुटता कामा नये. कापडी पट्टा, बकलवाला, पाईपवरून आणि क्रॉसबारखालून घेऊन आवळा. रॅचेटचा, म्हणजे दांडी खालीवर करून आवळायचा, पट्टा वापरलात तर जपून. त्याचा जोर एवढा असतो की पातळ पाईप चेपून लंबगोल होतो. मोकळ्या पट्ट्याला एक पीळ द्या. सरळ पट्टा वेगात वाऱ्यानं फडफडून घोंगावतो, पीळ दिला की तो आवाज थांबतो. आणि हूकवाली इलॅस्टिक दोरी या कामाला कधीही नको. ती ताणते, आणि ताणते म्हणजेच सैलही होते.

पाईप डाव्या अंगाला बसवा. रस्त्याच्या कडेला थांबून क्लॅम्प तपासताना, पट्टा आवळताना तुम्ही कडेच्या बाजूला उभे राहता, गाड्या जातात त्या बाजूला नाही.

लांबीचं गणित हॅचबॅकवर थोडं अवघड जातं. डिकीचा दरवाजा वर उघडताना त्याची वरची कड टपाच्याही वर येते आणि मागे आलेल्या पाईपला धडकते. नट आवळण्याआधी डिकी पूर्ण उघडून बघा. धडकत असेल तर पाईप पुढे सरकवा. समोरच्या काचेवर वीत-दीड वीत आला तरी चालतं, पण चालकाच्या जागी बसून पाहा, नजरेच्या रेषेत येता कामा नये. मात्र बंपरच्या पुढे, मागे किंवा गाडीच्या बाजूंच्या बाहेर काहीही जाऊ देऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४(१ए) प्रमाणे मर्यादेबाहेर आलेल्या सामानाला २० हजार रुपये दंड आहे, आणि सामान उतरवून ठेवायचा खर्चही आपल्यावर.

पाईप बसवून झाला की जमिनीपासून त्याच्या माथ्यापर्यंतची उंची मोजा आणि कागदावर लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवा. सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगची कमान आपल्याला पाठ असते, लॉजच्या पार्किंगची नसते.

रॉड भरणं

हेच काम सगळ्यात घाईत होतं. पहाटे चारला निघायचं असतं आणि कोणीतरी खालून हॉर्न वाजवत असतो. म्हणून रॉड आदल्या रात्री भरा.

तंगूस रीलवर गुंडाळून घ्या, गऱ्या (गळाचे आकडे) आणि शिसं (गळाला लावलेलं वजन) काढून डब्यात टाका. रॉडला अडकवून ठेवलेली एक जरी गरी पाईपात गेली तर ती दुसऱ्या रॉडच्या पिशवीत रुतते, आणि मग काढताना काय काय फाटतं ते विचारू नका. रॉड सुटा करा. दोन्ही तुकडे शेजारी ठेवून तीन ठिकाणी कापडी पट्टीनं हलकेच बांधा. गाईडच्या कड्या एकमेकींत अडकणार नाहीत अशा फिरवून घ्या. रबरबँड नको, उन्हात तो वितळून मुठीला चिकटतो.

प्रत्येक रॉडला स्वतंत्र पिशवी हवी. जुन्या सुती चादरीची लांब, अरुंद पिशवी घरच्या मशीनवर अर्ध्या तासात होते. तिच्या तोंडाला एक जाड नाडी शिवा, हातभर लांब. ही नाडी कशासाठी, ते आता सांगतो.

पाईपात मूठ पुढे जाते, शेंडा मागे राहतो. दोन तुकड्यांच्या रॉडमध्ये वरच्या तुकड्याचंही जोडाचं जाड टोक पुढे आणि शेंडा मागेच. कारण तेच, ब्रेकचं. गाडी वेग घेते त्यापेक्षा कितीतरी जोरानं थांबते. तो धक्का मुठीनं घेतला तर तिला काही होत नाही, शेंड्यानं घेतला तर टोकाची कडी वाकते. पण यामुळे एक नवीन अडचण तयार होते. झाकण उघडल्यावर हाताला पहिला शेंडा लागतो, आणि माणूस तोच धरून ओढतो. शेंडा धरून ओढलेला रॉड आत कुठे अडकला, तर तिथेच मोडला समजा. म्हणून ती नाडी: तोंडाशी ओढून बांधायची, टोक बाहेर ठेवायचं, आणि काढताना फक्त नाडी ओढायची. पूर्ण लांबीच्या पिशवीच्या तळावर मूठ टेकलेली असते, त्यामुळे सगळी ओढ पिशवीवर येते, शेंड्याला हातही लागत नाही.

सगळे भरून झाले की प्लग लावण्याआधी पाईपवर हातानं दोन थापा मारा आणि कान द्या. खडखड आली तर मोकळ्या जागेत एक टॉवेल गुंडाळून सरकवा. तुमच्या कानाला जो आवाज येतो, तो पुढचे सहा तास रॉडला ठोके देणार आहे.

रस्त्यावर

निघाल्यावर पाच-सात किलोमीटरनं थांबा आणि क्लॅम्प, पट्टा, प्लग हातानं हलवून बघा. नवे बसवलेले नट पहिल्याच टप्प्यात सैल होतात. आम्ही गुहागरला जाताना दुसऱ्यांदा उंब्रजला, हायवे सोडल्यावर बघतो, आणि तिसऱ्यांदा कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला, चहाच्या वेळी. तीन मिनिटांचं काम आहे.

वेग आवरा. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे ऐंशीचे शंभर केलेत तर पाईपवरचा जोर दीडपटीहून जास्त होतो. समोरून येणाऱ्या ट्रकचा झोत त्यावर वेगळा. पट्टा गुणगुणायला लागला तर ती सैल होण्याची खूण समजा आणि थांबा.

दापोलीकडून येत असाल आणि दाभोळ-धोपावे फेरीबोटीनं खाडी ओलांडणार असाल, तर बोटीवर खाऱ्या पाण्याचे तुषार टपापर्यंत येतात. पलीकडे उतरल्यावर पिण्याच्या पाण्याची अर्धी बाटली क्लॅम्पवर ओता.

गावात पोचल्यावर

खडकावरून पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, पुळणीवरून खाडीच्या तोंडाशी, असं दिवसभर जागा बदलत गरवायचं असतं. दर वेळी रॉड सोडवून पाईपात घालणं कोणाच्यानं होत नाही. तेवढ्यापुरतं जोडलेले रॉड गाडीबाहेर उघडे न्यायला माझी हरकत नाही. पण दोन-तीन किलोमीटर, तीस-चाळीसच्या वेगानं, आणि मुख्य रस्त्यावर नाही.

यासाठी बॉनेट आणि टप अशा दोन ठिकाणी चिकटणारे होल्डर मिळतात, काही व्हॅक्यूमचे, काही चुंबकाचे. मूठ बॉनेटवरच्या होल्डरमध्ये, रॉड वरून मागे टपावर, शेंडा गाडीच्या मागच्या दिशेला. शेंडा पुढे ठेवलात तर वारा त्याला उचलून वाकवतो. रॉड चालकासमोरून नको, डाव्या बाजूनं घ्या. गरी रॉडवरच्या छोट्या कडीत अडकवा आणि शिसं काढाच. शंभर ग्रॅमचं शिसं सुटून काचेवर आदळलं तर काच जाते.

व्हॅक्यूमचा होल्डर धुळीवर धरत नाही. पत्रा ओल्या फडक्यानं पुसायचा, होल्डरचं रबरही पुसायचं, दाबून बसवायचा आणि हातानं जोरात ओढून पाहायचा. दर थांब्यावर पुन्हा ओढून बघा. चुंबकाचा होल्डर पकडतो घट्ट, पण आपल्या किनाऱ्यावर त्याची वेगळीच अडचण आहे. रत्नागिरीच्या पट्ट्यातल्या पुळणींत काळी, लोहयुक्त वाळू मिसळलेली असते. होल्डर एकदा वाळूवर ठेवलात की त्याच्या तळाला ही काळी रेती दाढीच्या खुंटांसारखी उभी राहते, झटकून पडत नाही, आणि तसाच बॉनेटवर लावला की रंगावर गोल चरे उठतात. चिकटपट्टीचा तुकडा दाबून ओढला की ती निघते. होल्डर खाली ठेवायचाच असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवा.

अमेरिकेत केप हॅटरसच्या किनाऱ्यावर लोक पुढच्या बंपरला उभ्या नळ्या लावतात आणि त्यात बारा फुटी रॉड झेंड्यासारखे उभे करून परवान्यानं वाळूवरून गाडी चालवतात. तिथल्या मोकळ्या किनाऱ्याला ते शोभतं. आपल्याकडे पुळणीवर गाडी घालू नका, भरतीनं गिळलेल्या गाड्या सगळ्यांनी पाहिल्या आहेत. आणि वाडीतल्या पाखाडीवजा, पायवाटेसारख्या अरुंद रस्त्यावर रॉड उभे तर अजिबात नकोत. माडाची झावळं, केबलच्या लोंबत्या वायरी, आणि त्यांच्या वर विजेच्या तारा. कार्बनमधून वीज वाहते. ओला, उभा, बारा फुटी कार्बनचा रॉड तारेला लागला तर रॉडचा प्रश्न उरत नाही, माणसाचा उरतो.

मोटरसायकलवर

आपल्याकडे गरवायला जाणारी निम्मी पोरं मोटरसायकलवरून जातात, आणि मागे बसलेल्याच्या पाठीशी रॉड उभे धरलेले असतात. तारा आणि फांद्यांचा तोच धोका, शिवाय एक हात अडकलेला. त्यापेक्षा ७५ मिलिमीटरचा पाईप, वर सांगितल्याच पद्धतीनं, फक्त पाण्याची भोकं खालच्या टोकाला पाडून, डाव्या बाजूला लावा. उजवीकडे बहुतेक गाड्यांना सायलेन्सर असतो, डावीकडे साडी गार्ड. पाईप साडी गार्डला खाली आणि मागच्या ग्रॅब रेलला वर, असा तिरका, दोन क्लॅम्पनी धरायचा. मूठ खाली, शेंडा वर. मागे बसणाऱ्याचा पाय फूटरेस्टवर नीट टेकतो का, इंडिकेटर आणि नंबरप्लेट झाकली जात नाही ना, हे बघा. सव्वा मीटरहून लांब पाईप मोटरसायकलला नको. चार तुकड्यांचा ट्रॅव्हल रॉड घेतलात तर नऊ फुटी रॉडही पाऊण मीटरहून थोड्या लांब पाईपात जातो. मोटरसायकलवाल्यांनी पुढचा रॉड घेताना एवढं एक लक्षात ठेवावं.

परत आल्यावर

घरी पोचल्यावर, कितीही दमलेले असलात तरी, रॉड त्याच रात्री पाईपातून काढा. ओल्या पिशवीत राहिलेल्या रॉडच्या गाईडची चौकट आठवडाभरात हिरवट होते. रॉड गोड्या पाण्यानं धुवा, पुसा, सावलीत आडवे ठेवा. पाईप टपावरच राहू दे, पण प्लग उघडून बादलीभर पाणी आतून सोडा आणि दिवसभर उघडा ठेवा. पिशव्या धुऊन वाळवा.

मग कापसाचा एक छोटा बोळा घ्या आणि प्रत्येक गाईडच्या कडीच्या आतून गोल फिरवा, शेंड्याच्या कडीत दोनदा. आतली सिरॅमिकची कडी धड असेल तर कापूस गुळगुळीत फिरतो. केसाएवढी चीर असेल तर डोळ्याला दिसत नाही, पण कापसाचा एखादा तंतू तिथे अडकून राहतो. अशी चीर फेकीमागून फेक तंगूस कापत जाते, आणि मोठा जिताडा लागला की नेमका तिथेच तंगूस तुटतो. शेंड्याची कडी बदलणं सोपं आहे: जुनी कडी लायटरच्या ज्योतीजवळ, ज्योतीत नव्हे, दोन-तीन सेकंद धरली की गोंद नरम होऊन ती फडक्यानं ओढून निघते, त्याच मापाची नवी कडी गोंद लावून, बाकीच्या गाईडच्या रेषेत धरून बसवायची. माझ्या डब्यात अशा दोन कड्या नेहमी असतात.